अर्जाचा मसुदा

आमच्या घरीं अर्ज लिहवून घेण्यासाठीं माणसें येतात, ही गोष्ट आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. छत्तीस वर्षें बीड जिल्ह्यांतील निरनिराळ्या शाळांतून संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत गेलीं. निवृत्त होऊन अंबेजोगाईस वडिलार्जित घरीं येऊन बसलों, तों गांवांतील लोकांनीं आम्हांस ही नवी नोकरी दिली. कोणास तहसीलदारास अर्ज करावयाचा असतो, कोणास पीकविम्याची तक्रार, कोणास सुनेच्या माहेरीं धाडावयाचें पत्र जरा सौम्य भाषेंत हवें असतें. ह्या कामाचें आम्ही कांहीं घेत नाहीं; परंतु 'गुरुजींनी लिहिलेला अर्ज साहेबांनी शेवटपर्यंत वाचला' असें कोणी येऊन सांगितलें म्हणजे मनास ज्या गुदगुल्या होतात, तीच आमची दक्षिणा. तेव्हां गेल्या मार्गशीर्षांत आमच्या चिरंजीवांनीं पुण्याहून दूरध्वनीवर एका अर्जाचा मसुदा मागितला, त्या वेळीं आम्हांस आनंदच झाला, हें प्रथम कबूल केलें पाहिजे.

चिरंजीव ज्या इमारतींत राहतात, तिच्या मागल्या भिंतीस लागून एक नाला आहे आणि नाल्याच्या कांठीं तीस-पस्तीस झोपड्या आहेत. त्या हटवाव्यात असा अर्ज महापालिकेस करावा, असें रहिवाशांच्या सभेंत ठरलें होतें. "बाबा, इथं सगळे इंग्रजीतून लिहिणारे, मराठीत धड चार वाक्यं कोणाला जुळवता येत नाहीत," असें चिरंजीव म्हणाले. आम्हीं एका संध्याकाळींच मसुदा सिद्ध केला. वाक्यें सात होतीं. 'अनधिकृत वस्ती', 'सार्वजनिक आरोग्यास धोका', 'करदात्या नागरिकांचे न्याय्य हक्क', 'उपद्रवी प्रवृत्ति' हे शब्द जेथल्या तेथें बसले होते. पुन्हा वाचून पाहतां एक काना किंवा एक मात्रा हलवावी असें वाटलें नाहीं. त्या सातही वाक्यांत झोपड्या होत्या, नाला होता, दुर्गंधि होती. माणूस मात्र एकही नव्हता. हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तें पुढें कसें आलें, तेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

मार्गशीर्षांत आमच्या गांवीं योगेश्वरीचें नवरात्र असतें. कोंकणस्थ मंडळींची ही कुलस्वामिनी. त्यामुळें दूरदूरचीं कुटुंबें दर्शनास येतात, आणि आमच्यासारख्या येथल्याच देशस्थांच्या घरींही त्या आठ-नऊ दिवसांत पंगतींवर पंगती उठतात. ह्या वेळीं आमच्या धाकट्या बंधूंची नात मुंबईहून आली होती. तेथील एका महाविद्यालयांत ती समाजशास्त्र शिकते. दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी माजघरांत जरा सैलावून बसली असतां ती म्हणाली, "आजोबा, एक चित्रपट लावते, सगळ्यांनी पाहायचा." आमच्या वहिनींनीं विचारलें, "कोणता ग? दत्ताचा का?" नात हसून म्हणाली, "नाही आजी. मुंबईच्या झोपड्यांचा आहे. खराखुरा." वहिनींचा चेहरा पडला, परंतु लेकरूं दुखवूं नये म्हणून त्या वाती वळण्याचें तबक पुढें ओढून बसल्या. आम्हीही बसलों. मसुदा तेव्हां आमच्या खिशांतच होता.

'खराखुरा चित्रपट' म्हणजे काय, तें येथें थोडें सांगितलें पाहिजे. नटांस वेष देऊन रचलेली कथा नव्हे, तर घडणारी गोष्ट घडते त्या ठिकाणीं जाऊन टिपावयाची आणि तींतून कांहीं अर्थ काढून दाखवावयाचा, ह्या प्रकारास आपल्याकडे अनुबोधपट म्हणतात. जॉन ग्रिअर्सन नामक स्कॉटिश गृहस्थानें १९२६ सालीं एका चित्रपटाचें परीक्षण लिहितांना ह्या प्रकारास इंग्रजी नांव दिलें. परंतु ही कला आपल्या महाराष्ट्रास त्यापूर्वींच परिचित होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, त्यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या एका कुस्तीचें चित्रण केलें. आणि १९०१ सालीं केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांच्या स्वागताचेंही चित्रण त्यांनींच केलें. आपल्या समाजास त्या प्रसंगाचा जो अभिमान वाटला तो योग्यच होता. मात्र आज विचार करतां मनांत येतें, कीं त्या दिवशीं रँग्लरसाहेबांची पेटी ज्या हमालानें डोक्यावरून नेली असेल, त्याच्याकडे यंत्राचें तोंड वळवावें असें कोणास सुचण्यासारखें नव्हतें. आम्ही तेथें असतों तर आम्हांसही सुचलें नसतें.

तें तोंड प्रथम वळलें त्यांतील एक ठळक उदाहरण विलायतेंतलें आहे. १९३५ सालीं एडगर अ‍ॅन्स्टी आणि आर्थर एल्टन ह्या दोघांनीं लंडनच्या स्टेपनी भागांतील मोडकळीस आलेल्या चाळींवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' हा लहानसा अनुबोधपट काढला. त्याचें वैशिष्ट्य असें, कीं त्यांत तेथील रहिवासी स्वतः बोलतात. उंदीर कसे येतात, जिना कसा खचला आहे, एका खोलींत किती जणांनीं निजावें लागतें, हें ज्याचें त्यानें आपल्या तोंडानें सांगावें, ही त्या काळीं अगदीं नवी गोष्ट होती. ह्या चित्रपटास पैसा दिला तो मात्र गॅस विकणाऱ्या कंपन्यांच्या संघानें, कारण नव्या घरांतून गॅसच्या चुली जळाव्यात ही त्यांची इच्छा! तात्पर्य, गरिबाचें दुःख पडद्यावर येतें तेव्हां त्यामागें कोणाचा पैसा आणि कोणता हेतु आहे, हें पाहण्याची संवय प्रेक्षकानें लावून घ्यावी.

आमच्या नातीनें लावलेला चित्रपट आनंद पटवर्धन ह्यांचा होता: 'बॉम्बे: अवर सिटी', अर्थात् 'हमारा शहर'. तो १९८५ सालचा असून सुमारें सव्वा तासाचा आहे. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी तो दूरदर्शनवर दाखविला जावा म्हणून चार वर्षें न्यायालयांत भांडावें लागलें. त्यांतला प्रसंग समजण्यासाठीं थोडी पूर्वपीठिका हवी. १९८१ च्या जुलैंत त्या वेळचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले ह्यांनीं जाहीर केलें, कीं मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांस हटवून त्यांच्या त्यांच्या मूळ गांवीं पाठविण्यांत येईल. ऐन पावसाळ्यांत झोपड्या मोडल्या गेल्या आणि माणसें मोटारगाड्यांत बसवून शहराबाहेर धाडण्यांत आलीं. ह्याविरुद्ध ओल्गा टेलिस ह्या पत्रकार आणि कांहीं पदपथवासी न्यायालयांत गेले. त्या खटल्याविषयीं पुढें बोलूं.

चित्रपटांत काय आहे? पोलिसांच्या पहाऱ्यांत झोपड्या मोडणारीं माणसें आहेत. आणि मोडत्या झोपडींतून सामान ओढून काढणाऱ्या बायका आहेत. कामावर निघालेले मजूर आहेत, ज्यांनीं ह्या शहरांतील उंच इमारती बांधल्या. मधून मधून शाहीर विलास घोगरे आपल्या पहाडी आवाजांत गातात. आणि त्याच शहरांतील सुखवस्तु, सुशिक्षित, स्वच्छ कपड्यांतील मंडळीही आहेत. ती शांतपणें, सभ्यपणें, अगदीं शुद्ध भाषेंत ह्या लोकांविषयीं आपलें मत सांगतात. शहर कोणाचें, कर कोण भरतो, घाण कोण करतो, शिस्त कशी हवी, ह्या वळणाचें तें बोलणें.

वाचकहो, तें ऐकतांना आमचा हात नकळत खिशाकडे गेला. त्यांतील कोणीही दुष्ट दिसत नव्हता. कोणी आवाजही चढविला नाहीं. आमच्या शेजारीं पंगतीस बसावेत असेच ते लोक होते. आणि ते जें बोलत होते तें आमच्या मसुद्यांतलें होतें. शब्द वेगळे, वळण तेंच. फरक एवढाच, कीं चित्रपटांत त्या वाक्यापाठोपाठ मोडलेली झोपडी दिसते, आणि आमच्या कागदावर वाक्य संपल्यावर पूर्णविराम होता.

माजघराच्या दाराशीं, उंबऱ्याच्या पलीकडे, आमच्याकडे धुणें-भांडीं करणाऱ्या बाई उभ्या होत्या. भांडीं घासून झालीं होतीं. हात पुसत त्या पाहत राहिल्या. सूनबाईंनीं त्यांस आंत बसावयास सांगितलें, परंतु त्या उभ्याच राहिल्या. पडद्यावर बायका सामान बाहेर काढीत होत्या, तेव्हां आमच्या घरांतल्या सर्व स्त्रियांच्या डोळ्यांस पाणी आलें. ह्या बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतें. आपण एखादी सुगरण रांधीत असतां पाहतों, तशा त्या बारकाईनें पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भांडं आधी काढायला पायजे. कपडे भिजले तर वाळतेत. भांडं गेलं की पाणी कशात भरावं?" आणि थोड्या वेळानें, कोणास उद्देशून नव्हे अशा रीतीनें, "माझ्या भावाचंबी असंच हाय. पुण्यात. भिंतीच्या कडंला."

चित्रपट चालूच होता. आम्हांस पुढलें कांहीं दिसेना. कोणती भिंत? पुण्यांत भिंती पुष्कळ आहेत. विचारण्याचें धैर्य मात्र त्या दिवशीं झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं विचारलें. भाऊ पुण्याच्या अगदीं दुसऱ्या टोकास राहतो, असें कळलें. २०१६ सालीं, ज्या वर्षीं धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि शेजारच्या लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या वर्षीं तो बायकामुलें घेऊन गेला तो गेलाच. आमच्या चिरंजीवांची इमारत आणि त्याची झोपडी ह्यांचा कांहीं संबंध नाहीं, हें ऐकून आम्हांस हायसें वाटलें. मग त्या हायसें वाटण्याचीच लाज वाटली. कारण हा भाऊ त्या भिंतीपाशीं नाहीं, तर तेथें दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ आहेच. आपल्या ओळखीचा नाहीं म्हणून त्याची झोपडी मोडण्याचा कागद आपण लिहावा, हें कोणत्या न्यायांत बसतें?

येथें आमच्या जिल्ह्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. बीडचीं माणसें परगांवीं जातात, ही आम्हांस नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन, कोयता, लेकरें आणि गाडींत मावेल एवढा संसार घेऊन हजारों कुटुंबें ऊंस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, आणि पावसाळ्यापूर्वीं परततात. त्यांपैकीं कांहीं परतत नाहींत. तीं शहरांत राहतात. १९७२ च्या दुष्काळांतही मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं मुंबई-पुण्याची वाट धरली. म्हणजे ज्यास पुण्याचा वर्तमानपत्रवाला 'झोपडपट्टीचा प्रश्न' म्हणतो, त्याचें एक टोंक आमच्या शिवारांत आहे. दारिद्र्य शहरांत दिसतें. तें उगवलेलें असतें दुसरीकडे.

आमच्या हजेरीपटांतही तें होतें. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत आमच्या वर्गांतून एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर आलाच नाहीं. बुद्धीनें बरा होता; रूपें पाठ करण्यांत तर फारच तल्लख. नियमाप्रमाणें कांहीं दिवस वाट पाहून आम्हीं त्याचें नांव पटावरून कमी केलें आणि शेऱ्याच्या रकान्यांत 'परगांवीं गेला' एवढे दोन शब्द लिहिले. कोठें गेला, कोणाबरोबर गेला, हें विचारलें नाहीं. शेऱ्याचा रकाना तसा अरुंदच असतो. परंतु रकाना अरुंद म्हणून आम्हीं मनही तेवढेंच ठेवलें, हा दोष छापील पटाचा नव्हे.

संस्कृताच्या अभ्यासकास दारिद्र्य अपरिचित आहे, असेंही नाहीं. आम्हीं कित्येक वर्षें मृच्छकटिक शिकविलें. चारुदत्ताच्या दारिद्र्याचें वर्णन सांगतांना आमचा कंठ दाटून येई आणि मुलेंही स्तब्ध होत. परंतु चारुदत्त हा मूळचा श्रीमंत, कुलीन, विद्वान्. त्याचें दारिद्र्य म्हणजे आपल्याच घरावर आलेली आपत्ति. त्याच नाटकांत संवाहक आहे. तो पाटलिपुत्राचा राहणारा. उज्जयिनी पाहावी ह्या हौसेनें आला, कला म्हणून अंग रगडण्याची विद्या शिकला, आणि पुढें तीच त्याची उपजीविका झाली. धनी निर्धन झाल्यावर जुगारास लागला आणि कर्जापायीं रस्त्यांत मार खाल्ला. शूद्रकानें त्या परक्या गांवच्या मजुरास रंगभूमीवर आणून त्याच्याच तोंडून त्याची हकीगत वदविली आहे. आम्ही तो अंक विनोदी म्हणून भरभर पुढें ढकलीत असूं. परीक्षेंत त्यावर प्रश्न येत नसे. आतां वाटतें, नगरांतील गरीब माणसास स्वतःच्या तोंडानें बोलूं द्यावें ही कल्पना विलायतेहून येण्याची आपणांस वाट पाहावी लागली नसती. आम्ही शिकविणाऱ्यांनींच तें पान उलटून टाकलें.

आतां तो खटला. १० जुलै १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांचें. अर्जदारांपैकीं एक जण तामिळनाडूंतील सेलमचा होता. त्याची झोपडी मोडून कुटुंबास सेलमच्या गाडींत बसवून दिलें. काम मिळेना म्हणून तो पुन्हा मुंबईच्या पदपथावर आला. दुसरा आमच्या शेजारच्या, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या संगमनेरचा. गांवचें घर पडलें म्हणून तो मुंबईस आलेला. न्यायालयानें असें म्हटलें, कीं घटनेनें दिलेल्या जीविताच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो. कारण जगण्याचें साधन काढून घेतलें म्हणजे जगणेंच काढून घेतल्यासारखें होतें. हीं माणसें जेथें राहतात तेथें हौसेनें राहत नाहींत. काम जवळ असतें म्हणून राहतात, आणि झोपडी गेली म्हणजे कामही जातें. मात्र त्याच निकालानें असेंही सांगितलें, कीं पदपथ अडवून राहण्याचा हक्क कोणास नाहीं, आणि योग्य सूचना देऊन महापालिकेस अतिक्रमण हटवितां येईल. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबरपर्यंत पदपथवासीयांस हात लावूं नये, आणि १९७६ च्या गणनेचीं ओळखपत्रें असलेल्या लोकांस पर्यायी जागा द्यावी, असेही आदेश दिले. म्हणजे तत्त्व मोठें मिळालें, आश्रय तोकडा मिळाला. २०११ च्या जनगणनेंत बृहन्मुंबईची सुमारें ४१ टक्के वस्ती झोपडपट्ट्यांत राहत असल्याचें आढळलें. इतक्या लोकांस 'अनधिकृत' म्हणावयाचें, तर अधिकृत शहर कोणाच्या हातांनीं चालतें, हा प्रश्न उरतोच.

निकालांत तत्त्व आहे. चित्रपटांत तोंडें आहेत. दोन्हींची गरज आहे असें आमचें मत झालें आहे. निकालपत्र वाचून आम्ही 'बरोबर आहे' असें म्हटलें असतें आणि मसुदा तसाच धाडला असता. आमच्या गांवीं दासोपंतांची पासोडी आहे. लांबच लांब कापडावर त्या साधुपुरुषानें पंचीकरणाचा विचार लिहिला, कारण एवढा मोठा विचार दृष्टीस एकदम पडावा, असा त्यांचा हेतु असावा असें आम्हांस नेहमीं वाटतें. चित्रपटाची फीत हीही एक पासोडीच. पोथींत पान उलटतां येतें, शेऱ्याच्या रकान्यांत माणूस मिटवितां येतो. पडद्यावर तो आपल्याकडे पाहत राहतो.

परंतु ह्या साधनाचे धोकेही सांगितले पाहिजेत, नाहीं तर आमचें लिहिणें एकांगी होईल. ह्याच चित्रपटांत एक स्त्री, जिची झोपडी नुकतीच मोडली आहे, ती चित्रपट काढणारावरच उसळते. गरिबांचीं चित्रें काढून तुम्ही नांव मिळविणार, आमच्या पदरांत काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. पटवर्धनांनीं तो प्रसंग कापून टाकला नाहीं, ठेवला. ह्याबद्दल त्यांस मान दिला पाहिजे. परंतु तो प्रश्न केवळ त्यांस नाहीं. माजघरांत बसून, वाती वळतां वळतां डोळे पुसणाऱ्या आम्हां सर्वांसच तो आहे. अश्रु आले म्हणजे आपण चांगले आहों अशी आपली समजूत होते आणि मग कांहीं करण्याची निकड उरत नाहीं. दया ही फार स्वस्तांत मिळणारी वस्तु आहे. त्या चित्रपटांत गाणारे शाहीर घोगरे ह्यांनीं पुढें १९९७ सालीं, घाटकोपरच्या रमाबाई नगरांत पोलिसांच्या गोळीबारांत दहा माणसें मेल्यावर, कांहीं दिवसांनीं स्वतःचें जीवन संपविलें. त्या दुःखापासून आरंभ करून पटवर्धनांनीं चौदा वर्षें खपून 'जय भीम कॉम्रेड' हा अनुबोधपट २०११ सालीं पुरा केला. ज्याच्या आवाजानें आपल्या डोळ्यांत पाणी आणलें, त्याचें पुढें काय झालें, हें प्रेक्षकास सहसा ठाऊक नसतें.

म्हणून असे चित्रपट घरांत पाहावेत, परंतु कसे पाहावेत, ह्याविषयीं आमच्या अल्प अनुभवावरून तीन गोष्टी सुचवितों. पहिली, ते एकट्यानें न पाहतां घरांतील मंडळींनीं मिळून पाहावेत आणि संपतांच चहाकडे न वळतां घटकाभर बोलावें. दुसरी, पाहतांना असें विचारावें, कीं येथें बोलतो कोण आणि कोणाविषयीं दुसराच बोलतो? ज्याच्याविषयीं सगळे बोलतात पण जो स्वतः बोलत नाहीं, तेथें चित्रपटांत कांहीं उणें आहे. तिसरी, आणि महत्त्वाची: आपल्या घरांत, दाराशीं उभें राहून जें माणूस तोच चित्रपट पाहत आहे, त्यास काय दिसलें तें विचारावें. आम्हांस मोडलेली झोपडी दिसली. त्या बाईंस आधीं काढावयाचें भांडें दिसलें. दारिद्र्य म्हणजे नुसतें दुःख नव्हे; त्यांत जन्मभर कमावलेलें शहाणपण असतें, आणि तें नसतें तर हीं माणसें एक पावसाळाही टिकतीं ना.

आतां मसुद्याचें काय झालें? त्याच रात्रीं आम्हीं चिरंजीवांस सांगितलें, कीं अर्ज देण्यापूर्वीं तुम्ही एकदां भिंतीपलीकडे जाऊन या. ते प्रथम हसले, मग जरा रागावले. "बाबा, तुम्हाला तिथला वास माहीत नाही," असें म्हणाले. आणि तेंही खोटें नाहीं. आमची सून तेथें दोन लहान मुलें वाढविते. डांसांनीं तिच्या धाकट्यास गेल्या पावसाळ्यांत डेंग्यू झाला होता. चिंता खरीच आहे. तरी चिरंजीव गेले. चौतीस झोपड्या निघाल्या. त्यांतल्या सहा बायका त्यांच्याच इमारतींत स्वयंपाक-झाडलोट करतात. मोटारी धुणारा मुलगा तेथलाच, रात्रपाळीचा पहारेकरीही तेथलाच. शौचालय एकही नव्हतें आणि कचऱ्याची गाडी नाल्याच्या त्या बाजूस जातच नव्हती. दोन कुटुंबें बीड जिल्ह्यांतलीं होतीं. एक गेवराईकडचें, एक पाटोद्याकडचें. "त्यांना तुमचं नाव सांगितलं नाही," असें चिरंजीव म्हणाले. आम्हांस बरें वाटलें.

मग आम्हीं दुसरा मसुदा लिहिला. नाल्याकांठच्या चौतीस कुटुंबांसाठीं शौचालय बांधावें, कचऱ्याची गाडी दोन्ही बाजूंस जावी, नाला पावसाळ्यापूर्वीं उपसावा, आणि कोणास हलविणें भागच पडलें तर आधीं सूचना व जवळपास पर्यायी जागा द्यावी, अशा मागण्या त्यांत केल्या. डांस दोन्ही बाजूंचे आहेत, ते भिंत पाहत नाहींत, असेंही एक वाक्य घातलें. ह्या मसुद्यांत सात वाक्यें नाहींत, अकरा आहेत. आणि पहिल्याइतका तो सफाईदार उतरला नाहीं.

आमच्या विजयाची गोष्ट ऐकण्यासाठीं कोणी थांबलें असेल, तर त्याची निराशा होईल. रहिवाशांच्या सभेंत चिरंजीवांनीं हा मसुदा वाचला. चार घरांनीं त्यावर सह्या केल्या. त्यांतली एक आमच्या सूनबाईंची. बाकीच्यांनीं 'वडिलांच्या भावना आम्ही समजतों' असें म्हणून पहिल्या धर्तीचा अर्ज दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतला. दोन्ही अर्ज एकाच दिवशीं महापालिकेंत गेले आहेत. कोणत्याचा निकाल आधीं लागतो, तें अद्याप कळलेलें नाहीं. दुसऱ्या अर्जाची प्रत चिरंजीवांनीं पाठविली होती. भाषा आमच्याइतकी शुद्ध नाहीं. ऱ्हस्वदीर्घाच्या तेरा चुका आहेत. परंतु तेवढ्यानें त्याचें काम अडणार नाहीं.

पहिला मसुदा आम्हीं फाडला नाहीं. तो मृच्छकटिकाच्या पोथींत, दुसऱ्या अंकाशीं, खूण म्हणून ठेवला आहे. आणि धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंनीं परवां भावास पत्र लिहून मागितलें, तेव्हां प्रथमच आम्हीं लेखणी उचलण्यापूर्वीं विचारलें, "काय लिहायचं, ते तुम्हीच सांगा, मी फक्त उतरून घेतो."